वाघमारे बाईंचं झोपणारं यंत्र

वाघमारे बाई कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढण्याआधी त्यांची नजर बटणांच्या पाटीकडे जायची. यजमान 'या, बसा' म्हणेपर्यंत बाहेरच्या खोलीतला दिवा बंद झालेला असायचा. एकदा भर उन्हाळ्यात त्या आमच्या घरी आल्या. माझे वडील पंख्याखाली पेपर वाचता वाचता तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. बाईंनी सरळ जाऊन पंखा बंद केला. वडील घामाघूम होऊन उठले आणि समोर एक अनोळखी बाई बघून गोंधळले. बाई म्हणाल्या, "काका, तुमी झोपलेले अन् पंखा जागा. कशापायी? किती फजूल जळायलंय!" त्या गेल्यावर बायको मला म्हणाली, "ह्या तुमच्या ऑफिसातल्या बाईंना परत आणू नका." मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला त्या बाईंचा वीटच आला होता.

तसा मला तेव्हा सगळ्याच गोष्टींचा वीट आलेला होता. परभणीत भाड्याच्या तीन खोल्यांत आमचं कार्यालय होतं. हवामानाच्या नोंदी घेण्याची एक तात्पुरती योजना होती आणि मी तिच्यात निरीक्षक होतो. जिन्याचा एकही कोपरा पानाच्या पिचकाऱ्यांतून सुटलेला नव्हता. टेबलांवर चहाचे चिकट गोल, त्यांवर माश्या. माणसं खुर्चीला कोट अडकवून बाजारात जायची आणि रिकाम्या खोल्यांत ट्यूबलाइटी दिवसभर जळायच्या. ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं की नाही, यावर आमच्या खोलीत रोज तावातावाने बोलणं चाले. बाई दारात दिसल्या की सगळे एकदम गप्प व्हायचे आणि कुणीतरी विचारायचं, "काय म्हणतो पाऊस?" हवामानाच्या त्या कार्यालयात हवामानाचा विषय एवढ्यापुरताच निघत असे. बाईंना ते कळत असणारच. त्या नाक मुरडून आपल्या टेबलाकडे जायच्या आणि वाटेतली बटणं बंद करायच्या.

आमचं केंद्र पेडगावच्या पुढे एका माळावर होतं. माळ किसनमामांचा. त्यांनी बांधालगतची जागा योजनेला दिली होती आणि राखणही तेच करायचे. तिथे एक उंच खांब, त्यावर वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या, खाली पाऊस मोजायचं नरसाळं आणि लोखंडी पेटीत एक छोटा कॉम्प्युटर. दर तासाला त्याने ऊन, वारा, पाऊस स्वतःच्या स्मृतीत टिपून ठेवायचा आणि आम्ही जाऊन ते आकडे उतरवून आणायचे, असा बेत होता. माळावर वीज नव्हती. सूर्यावर चालणारी पाटी मंजूर झाली होती, ती काही येत नव्हती. म्हणून ट्रकची बॅटरी. ती आठवडाभरात बसायची. मग मी ती उचलून आणायची, परभणीत चार्ज करायची आणि एसटीने परत न्यायची. कंडक्टर बॅटरी बघितली की घंटीची दोरी ओढायच्या आतच मला खाली उतरवायचा. तेजाबाने माझ्या सगळ्या पँटींना भोकं पडली होती.

हे उन्हाळ्यात चालून जायचं. पण आमच्याकडची काळी माती एकदा भिजली की सायकल ढकलता येत नाही आणि बैलगाडीही रुतते. पायाला मण मण चिखल लागतो. बॅटरी घेऊन माळावर जाणं तेव्हा अशक्यच. म्हणजे पाऊस सुरू झाला की रस्ता बंद, रस्ता बंद की बॅटरी बंद, आणि पाऊस मोजायचं यंत्र नेमकं पावसात मेलेलं! दोन पावसाळे असे गेले. वरच्या कार्यालयाने शेवटी कळवलं की एक आख्खा पावसाळा खंड न पडता नोंद मिळाली तर केंद्र राहील, नाहीतर उचलू.

या अटीवरच वाघमारे बाईंची नेमणूक झाली होती. औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या, वय तिशीच्या आत, घरात म्हातारी आई आणि शिकणारा भाऊ. नोकरी हंगामी. नोंद अखंड मिळाली तर पुढे मुदतवाढ आणि मग कायम. खंड पडला तर केंद्रही जाणार आणि बाईही. साहेबांनी हे पहिल्याच दिवशी त्यांना सगळ्यांसमोर ऐकवलं. बाई म्हणाल्या, "कळलं. पहिलं ह्या खोलीतला पंखा बंद करा. इथं कुनीच बसलेलं न्हाई."

त्यांची कामाची पद्धत विचित्र होती. यंत्र उघडून टेबलावर ठेवायच्या आणि एकेका भागाला हाताची पाठ लावून बघायच्या. आई तापलेल्या लेकराचं कपाळ बघते, तसं. "जिथं गरम लागलं, तिथं चोर हाय," असं म्हणायच्या. पहिला चोर त्यांना व्होल्टेज उतरवणाऱ्या भागात सापडला. बॅटरीतली निम्मी वीज तो नुसता तापण्यात घालवत होता. दुसरा चोर पेटीच्या दारावरचे लाल चमकणारे आकडे. चोवीस तास ते आकडे पेटलेले असत. "माळावर बघायला हाय कोन? कोल्हे?" तिसरा चोर खरा बिलंदर निघाला. यंत्राचा सगळा कार्यक्रम ज्या चिपमध्ये होता ती चिप काम नसतानाही तेवढीच वीज खात होती. बाईंनी मला हात लावायला लावला. मी म्हणालो, "कोमट आहे." त्या खवळल्या. "कोमट? सर, हिचं काम तासाला एक डाव, तेबी चुटकीभर. बाकी टाइम ही बसून खायलीय. आपल्या ऑफिससारखी."

मग त्यांनी जे केलं ते साधंच होतं, पण आमच्या योजनेत कुणाला सुचलं नव्हतं. कॉम्प्युटरला त्यांनी झोपायला शिकवलं. आत फक्त एक घड्याळ जागं ठेवलं, ते नखभर विजेवर चालायचं. तास भरला की घड्याळ कॉम्प्युटरला उठवायचं. तो उठून सगळीकडे नजर टाकायचा, आकडे टिपायचा आणि सगळ्यांची वीज तोडून पुन्हा झोपायचा. पाऊस आला तर नरसाळ्याखालची छोटी वाटी भरून कलंडायची आणि तिच्या धक्क्याने तो तेवढ्यापुरता जागा व्हायचा. दारावरचे आकडे, लाल दिवा, टिक टिक आवाज, सगळं बाईंनी काढून टाकलं. कित्येक आठवडे त्या हेच करत होत्या. एक तार सोडायची, मीटर बघायचा, "शी, अजून जळायलंय," म्हणायचं, आणि दुसरी तार.

साहेबांना हे मुळीच पटलं नाही. "बाई, यंत्र झोपतं म्हणजे काय? शासनाचं यंत्र आहे. उद्या कोणी पाहायला आलं तर काय सांगू, झोपलंय?"

"व्हय, तसंच सांगा. काम झालं म्हनून झोपलंय."

"निदान एक दिवा तरी ठेवा. चालू आहे हे दिसायला नको?"

"साहेब, दिसायला जेवढं लागतं ना, तेवढ्यात चालतंय ते दोन म्हैने. जागं ऱ्हानं म्हंजे काम करनं न्हाई."

साहेबांचा चेहरा आंबट झाला. ते रोज कार्यालय सुटल्यावरही तासभर दिवे लावून बसायचे आणि बसून काय करायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अट वरून आलेली, म्हणून ते गप्प बसले.

मृगाआधी आम्ही यंत्र माळावर बसवलं. किसनमामा पेटीभोवती दोनदा फिरले. दिवा नाही, आकडे नाहीत, आवाज नाही. त्यांनी बोटाच्या पेराने पेटीवर टकटक केलं. "बाई, आगुदर कसं लाललाल दिसायचं. आता ह्ये जितं हाय का मेलंय?"

बाईंनी त्यांच्याकडून तांब्या घेतला आणि नरसाळ्यात बारीक धार धरली. "कान लावा, मामा." मामा वाकले. आत वाटी कलंडल्याचा टक्क आवाज झाला. बाईंनी मीटर दाखवला. काटा क्षणभर उठला आणि पुन्हा झोपला. मामा इतके खूश झाले की तांब्या मागून घेऊन आणखी पाणी ओतायला लागले. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "बास, मामा! आता एक थेंब वतू नका. ह्याला काय कळतंय, तुमी वतलं का आभाळानं वतलं? ह्ये टिपून ठिवतंय." आणि पेटीत हात घालून त्यांनी तो तांब्याचा पाऊस पुसून टाकला. मामा म्हणाले, "लय कडक बाई हाय ही." मला तेव्हा वाटलं, एवढंसं पाणी, एवढं काय त्यात?

तो पावसाळा जोरात झाला. रस्ता बंद झाला की आम्ही पायताण हातात घेऊन, चिखल तुडवत माळावर जायचो. बाईंची साडी पोटरीपर्यंत काळी व्हायची आणि वाटभर त्या शिव्या घालायच्या: रस्त्याला, योजनेला, न आलेल्या पाटीला, मला. पेटी उघडून बॅटरीला मीटर लावला की मात्र गप्प. आषाढ गेला, श्रावण गेला, पोळा झाला. बॅटरी तीच. एकही तास चुकलेला नव्हता. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं चाललंय," आणि तेसुद्धा तक्रार केल्यासारखं. परत येताना मात्र त्यांनी सांगितलं की कायम झाल्यावर भावाला पुण्याला शिकायला पाठवायचं, आईला आता दुसऱ्यांच्या शेतात जाऊ द्यायचं नाही. स्वतःबद्दल त्या इतकं सलग बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

दसऱ्याला बाई आईला घेऊन नागपूरला गेल्या, दीक्षाभूमीवर. दरवर्षी जायच्या. मी सेलूला सासुरवाडीला गेलो. जाण्याआधी बाईंनी साहेबांना बजावलं होतं, "पाऊस अजून गेलेला न्हाई. यंत्राला हात लावू नका." साहेब हसून म्हणाले होते, "छे छे, आम्ही कशाला?"

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी परत येऊन आम्ही दोघं सकाळीच माळावर गेलो. वाऱ्याच्या वाट्यांना झेंडूचा हार गुंडाळलेला, त्यामुळे वाट्या जाम. पेटीवर हळदीकुंकवाचे ओघळ. नारळ नरसाळ्याच्या काठावर फोडलेला. खोबऱ्याचे तुकडे, पेढ्याचा चुरा आणि फुलं पावसाने नरसाळ्यात जाऊन कुजली होती, आणि आत काळ्या मुंग्या नुसत्या वळवळत होत्या. आंबूस घाण वास सुटला होता. खांबावरून पेटीपर्यंत रंगीत बल्बांची माळ लोंबत होती. तिची तार थेट बॅटरीला जोडलेली.

किसनमामा लगबगीने आले. "खंडेनवमीला साह्यब आल्ते की जीप घिऊन. संगं पेपरवाला बी व्हता. म्हनले, समदीकडं हत्यारं पुजायलेत, आपलं यंत्र काऊन ऱ्हावं? पर ह्ये तर मेल्यावानी दिसायलतं. फोटूत काय यील? मंग डायवरनं जीपची लायटिंग काढून हितं लावली. लय झकास दिसायलतं, बाई! समदं गाव बघाया आल्तं."

"अन् जाताना काढली न्हाई?" बाईंनी विचारलं.

"पानी आलं की धो धो! साह्यब पळाले जीपमंदी. मला म्हनले, मामा, ऱ्हाऊ दे, शोभा हाय. म्या बी म्हनलं, साह्यबाचं हाय, आपुन कशाला हात लावा? रातभर जळायलतं. सकाळच्याला दिवे तांबडे तांबडे झाले अन् गेले." मामांना आमचे चेहरे बघून काहीतरी चुकलं एवढं कळलं. "पाऊस मातर लय झाला, बाई. दसऱ्याला अन् दुसऱ्या दिशी. वढ्याला मायंदाळ पानी."

बाई 'शी' म्हणाल्या नाहीत. त्यांनी नरसाळं काढलं, हाताने ती घाण खरवडून टाकली, मुंग्या झटकल्या आणि मामांच्या तांब्याने धुऊन परत बसवलं. मृगाआधीच मामांच्या घरी आणून ठेवलेली जादा बॅटरी जोडून यंत्र पुन्हा सुरू केलं. मुंग्यांनी त्यांचा हात कोपरापर्यंत चावून काढला होता. बल्बांची माळ त्यांनी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि आम्ही चालत रस्त्याला लागलो.

काय झालं ते बाईंनी येऊन सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी साहेब फार गोड बोलले. माझ्यासमोरच बोलले, लाज नव्हतीच. "वाघमारे बाई, पाऊस पडला ना? पडला. मग आकडा असायलाच पाहिजे. बाजूच्या तालुक्याचा आकडा घेतलाय, थोडा कमीजास्त केलाय. ऊन-वाऱ्याचेही भरलेत. टाइप करून तयार आहे, फक्त तुमची सही. नोंद अखंड झाली की मुदतवाढ माझ्याकडे लागली. कायमचं मी बघतो. एवढ्या मेहनतीवर दोन दिवसांसाठी पाणी कशाला फिरवायचं?" त्यांच्या टेबलावरच्या पेपरात तो फोटो होता. रंगीत दिव्यांनी लखलखलेलं यंत्र आणि बाजूला हात जोडलेले साहेब.

बाई कागद न घेता बाहेर आल्या. मी त्यांच्या मागे गेलो. खाली चहाच्या गाड्यापाशी मी त्यांना समजावलं. चूक तुमची नाही, कुणाचं नुकसान नाही, दोन दिवसांचा पाऊस कोण विचारतंय, भावाचं शिक्षण बघा. मला ते मनापासून वाटत होतं. त्यांनी चहा हातात तसाच धरला होता.

"सर, अठ्ठ्याहत्तरला आमचं गाव सुटलं ते तुमाला माहीत हाय. घर कसं जळालं ते माहीत हाय का?" मी नकारार्थी मान हलवली. "जळाल्यावर पंचनामा झाला. त्याच्यावर माझ्या बापाची सही हाय. काय लिवलंय? चुलीची ठिनगी उडून घराला आग लागली. ज्यांनी लावली ते समोर बाजंवर बसून व्हते. बाप म्हनला, सही केली तर लेकरं तरी वाचतील. केली." त्यांनी चहा रस्त्यावर ओतून दिला. "त्या दिवशी आईनं चूल पेटवलीच नव्हती, सर. घरात पीठच नव्हतं. बाप मरंस्तोवर तेच म्हनायचा, चूल पेटली नव्हती, चूल पेटली नव्हती. आता मी सही करू का, न मोजलेला पाऊस इतका इतका पडला म्हनून?"

मला तो चहा, तो गाडा, वर खिडकीत दिसणारा साहेबांचा पंखा, सगळ्याची शिसारी आली. पुढे मी त्यांना काही समजावलं नाही.

बाईंनी वरच्या कार्यालयाला स्वतः कळवलं: दसरा आणि त्याचा दुसरा दिवस, या दोन दिवसांची नोंद नाही, यंत्र बंद होतं, कारण बॅटरीवर दिव्यांची माळ लावली होती. कुणी लावली तेही लिहिलं. वरून साहेबांकडे खुलासा मागवला. साहेबांनी दिला. काय दिला ते ठाऊक नाही, पण पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. साहेबांनी बाईंच्या सहीविनाच पाठवलेले आकडे वरच्यांनी खोडून ती जागा कोरी ठेवली. नोंद खंडित ठरली आणि बाईंची मुदत संपली. खोलीत आता बाई नव्हत्या, त्यामुळे सगळे मोकळेपणाने बोलू लागले. "ह्या कोट्यातल्या लोकांना काम देऊन उपयोग नाही, बघा, यंत्र बंद पाडलं." हे बोलणारी माणसं माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातलं लोणचं खात होती. मी डबा बंद केला आणि त्या दिवसापासून एकटा जेवायला लागलो.

शेवटच्या दिवशी बाईंनी मीटर, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर मोजून माझ्या ताब्यात दिले. मी विचारलं, आता काय करणार? "सेलूला एक दुकान बगायलेय. रेडिओ, टीव्ही दुरुस्ती. टीव्हीवाले तरी म्हननार न्हाईत, बंद टीव्हीला चालू म्हना." त्या पहिल्यांदाच हसल्या. भावाला पुण्याला पाठवायचं राहिलं, तो त्यांच्याच दुकानात बसू लागला. हे मी नंतर सेलूला गेलो तेव्हा पाहिलं. दुकान छोटं होतं, पण गिऱ्हाईक होतं. पुढे काही वर्षांनी ते दुकान तिथून हललं आणि बाई कुठे गेल्या ते मला कळलं नाही. आज हे त्यांच्या वाचनात आलं तर त्या नाकच मुरडतील.

केंद्र मात्र उचललं नाही. नव्या साहेबांनी वजन वापरून ते टिकवलं. दारावर लाल आकडे परत आले, बॅटरी पुन्हा आठवड्यात बसू लागली, आणि माळावर कुणी जाईनासं झालं. पण नोंद अखंड व्हायला लागली. खुर्चीत बसून, शेजारच्या तालुक्याचं बघून, थोडं कमीजास्त करून. कुठे एक कोरी जागा नाही. वरून शाबासकीही आली.

मग बऱ्याच वर्षांनी धरणाच्या कामासाठी एक तरुण अभियंता आमच्याकडे आला. त्याला जुन्या मोठ्या पावसांचे आकडे हवे होते. तो अलीकडच्या वर्षांपासून मागे जात भराभर उतरवून घेत होता आणि खूश होता. बाईंच्या वर्षाशी येऊन तो थांबला.

"हे दोन दिवस कोरे आहेत. ओढ्याच्या पुराचे हेच दिवस, गावकरी सांगतात. किती पाऊस झाला होता?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी डोळ्यांनी मला खुणावलं, सांगा काहीतरी. आकडा सांगणं काहीच अवघड नव्हतं; मी इतकी वर्षं त्या खोलीत बसलो होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो.